नवव्या मजल्यावरचा फडका

"तो लाल फडका तुमचाच ना, नाखवा?" असं कर्णिकांनी विचारलं तेव्हा मी छातीपर्यंत पाण्यात उभा होतो.

आमच्या 'नीलांबर बे'च्या तिसऱ्या मजल्यावर तो पोहण्याचा हौद आहे. समुद्राच्या बाजूला त्याला काठच दिसत नाही, हौदाचं पाणी सरळ समुद्राला जाऊन मिळाल्यासारखं वाटतं. मी तेव्हा नुकता पोहायला शिकलो होतो. कोळ्याचा मुलगा, वय बेचाळीस, आणि पोहणं शिकलो ते पगारी शिक्षकाकडून, क्लोरीनच्या पाण्यात. त्यामुळे सोसायटीच्या अध्यक्षांशी बोलतानाही पाय टेकतील अशी जागा धरूनच मी उभा असायचो.

मान वर करून पाहिलं. बत्तीस मजल्यांची पांढरी इमारत, सगळ्या गॅलऱ्यांना एकसारख्या काचा, आणि नवव्या मजल्यावर आमच्या दिवाणखान्याच्या गॅलरीत, डाव्या टोकाला, बांबूला बांधलेला तो लाल फडका. आमचाच, वडिलांचा आहे, असं मी सांगितलं.

कर्णिक भला माणूस. आवाज चढवणं त्यांना माहीत नव्हतं, आणि बोलणं अर्ध्यावर सोडायची त्यांना सवय होती. उरलेलं समोरच्यानं समजून घ्यायचं. "रविवारी क्लबहाउसचं उद्घाटन आहे," ते म्हणाले. "फोटोवाले बोटीतून हौद आणि त्याच्या वरची बाजू घेणार. आता तुम्ही कमिटीवर आहात. तेव्हा तुमच्याच गॅलरीत..." एवढं बोलून त्यांनी पाण्याखाली बुडी मारली.

उरलेलं मला समजलं, आणि अंमळ जास्तच समजलं. ही इमारत जिथं उभी आहे तिथं आमच्या कोळीवाड्याचं खळं होतं, बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांड्यांची रांग. बिल्डरनं ती जमीन घेतली आणि ज्या चार घरांची होती त्यांना एकेक फ्लॅट दिला. तिघांनी फ्लॅट विकले आणि ते खालीच राहिले. आम्ही राहायला आलो, माझ्या हट्टानं; जमीन द्यायलाही मीच बाला भरीला घातलं होतं. वाफेचं स्नान, छोटं थिएटर, सर्वांत वरचं 'स्काय लाउंज', सगळं आमचंही होतं. तरी लिफ्टमध्ये कुणी हसून विचारायचं, "तुम्ही मूळचे इथलेच ना?" आणि त्यातला 'मूळचे' नेमका माझ्या जिव्हारी लागायचा. म्हणून तर कमिटीला उभा राहिलो. निवडून आलो त्या दिवशी वैजूनं, माझ्या बायकोनं, जिताड्याचं कालवण केलं, आणि आम्ही ते सगळ्या खिडक्या लावून खाल्लं.

बाला यातलं काहीच बोचत नव्हतं. धर्मा नाखवा, माझा बाप. चाळीस वर्षं समुद्रात काढलेला माणूस. हौद पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यानं एवढंच विचारलं होतं, समोर दर्या असताना यो डबका कोनासाठी? दुपारी तो हौदाकाठच्या छत्रीखाली बसून जाळं विणायचा. एकदा कुणाकडे आलेल्या पाहुण्यांना वाटलं, वातावरणनिर्मितीसाठी व्यवस्थापनानंच हा म्हातारा ठेवलाय. त्यांनी फोटो काढले, बानं जाळं नीट पसरून दाखवलं. मी लाजेनं अर्धा झालो. तो मात्र दोन दिवस खुशीत होता.

त्याचा हट्ट फक्त दोन गोष्टींत दिसला. बिल्डर आम्हाला चोविसाव्या मजल्यावरचा कोपऱ्याचा फ्लॅट द्यायला तयार होता, बानं नवव्या मजल्यावरचा मधला मागून घेतला. मी भांडलो, आठ दिवस बोललो नाही. त्यानं कारण सांगितलं नाही, "मना हाच पायजे" एवढंच. दुसरा हट्ट त्या फडक्याचा. राहायला आलो त्या दिवशी दूध उतू जायच्या आधी त्यानं गॅलरीत बांबू बांधला.

बांबू बांधताना त्यानं मला सांगितलंही होतं. आमच्या बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली खडप, म्हणजे खडकांची रांग आहे, आणि खडपांमधून आत यायला जेमतेम दोन होड्यांची वाट. ओहोटीला ती वाट चुकली की होडी फुटलीच. किनाऱ्यावर चुना फासलेला एक खांब आहे, आणि मागं टेकडीवर देवळाचा झेंडा. समुद्रातून येताना खांबाच्या बरोबर डोक्यावर झेंडा दिसला की समजायचं, आपण वाटेत आहोत. आमची इमारत उभी राहिली आणि देऊळ तिच्याआड गेलं. मोठ्या बोटींवर यंत्रं असतात, त्यांचं अडलं नाही. अडलं ते तीन-चार म्हाताऱ्यांच्या छोट्या होड्यांचं. म्हणून आता देवळाच्या झेंड्याऐवजी बाचा फडका. हे सगळं तो सांगत होता तेव्हा माझं अर्धं लक्ष दारातून आत येणाऱ्या फ्रिजकडे होतं. म्हाताऱ्यांना फडका दिसला की बरं पडतं, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

त्या शुक्रवारी बा आत्याकडे निघाला, तिच्या नातवाच्या बारशाला, तीन दिवसांसाठी. पिशवी खांद्याला लावून दारात थांबला.

"फडका काढू नको," तो म्हणाला. "लडकूचं येनंजानं असतं."

लडकूकाका म्हणजे बाचा लहानपणापासूनचा जोडीदार. दोघं एकाच बोटीवर वाढले. सत्तरी ओलांडली तरी आपली हिरवी होडी घेऊन एकटेच जायचे आणि दुपारी परत यायचे.

"नाही काढत," मी म्हणालो.

जागेबद्दल तो काही बोलला नाही. नाखव्याच्या पोराला तेही सांगावं लागेल असं त्याच्या मनात आलं नसणार. पण मी दहाव्या वर्षापासून वसतिगृहात वाढलो, पुढं पुण्याला शिकलो, आणि आयुष्यात एकदाही होडी बंदरात आणली नव्हती.

रविवारी सकाळी मी बांबू सोडला आणि बेडरूमच्या गॅलरीत, घराच्या उजव्या टोकाला, नेऊन बांधला. ती बाजू फोटोच्या चौकटीबाहेर होती, हे मी आदल्या दिवशी खाली जाऊन पाहून ठेवलं होतं. वैजू म्हणाली, बाबांना एक फोन करून विचारा तरी. मी म्हटलं, काढला कुठं आहे, तीस फूट सरकवलाय. समुद्रातून दिसल्याशी कारण. कर्णिकांचाही मान राहिला आणि बाला दिलेला शब्दही, असं वाटून मी स्वतःवरच इतका खूश होतो की नवा कोट घालून आरशासमोर जरा जास्तच वेळ उभा राहिलो.

चार वाजता कार्यक्रम सुरू झाला. हौदाकाठी पांढरी टेबलं, कोकम सरबताचे उंच ग्लास, कुणीतरी बासरी वाजवत होतं. पाणी ओसरत चाललं होतं. फोटोवाल्यांची बोट समोर घिरट्या घालत होती आणि सूर्य तिच्या पाठीशी होता, त्यामुळे आमची इमारत वरपासून खालपर्यंत लखलखत असणार. तेवढ्यात लांबून हिरवी होडी येताना दिसली.

"ते आमच्या वडिलांचे मित्र," मी कर्णिकांना सांगितलं. फोटोत होडी आली तर छानच, असं ते म्हणाले. आम्ही दोघांनी हातातले ग्लास होडीच्या दिशेनं उंच केले.

होडी सरळ येत होती, जराही न डगमगता. मग ती थांबली आणि एका अंगावर कलली. काका जाळं टाकत असतील असं आम्हाला वाटलं. बासरी चालूच होती. कोळीवाड्याच्या बाजूनं माणसं पाण्याकडे धावताना दिसली तेव्हा कुठं मी ग्लास खाली ठेवला.

फोटोवाल्यांच्या बोटीनंच काकांना बाहेर काढलं. होडी आणि खडक यांच्यामध्ये त्यांचा पाय सापडला होता, गुडघ्याखाली हाडाचा चुरा झाला होता. होडीच्या फळ्या संध्याकाळपर्यंत किनाऱ्याला लागत होत्या. आणि खरं सांगतो, तोपर्यंतही माझ्या डोक्यात काही आलं नव्हतं. म्हातारा माणूस, चुकला असेल, असंच मी कर्णिकांना म्हणालो.

कुणीतरी बाला फोन केला होता. तो मिळेल त्या गाडीनं निघाला, आधी तालुक्याच्या हॉस्पिटलात गेला आणि दिवेलागणीला घरी आला. चप्पल न काढता दिवाणखान्याच्या गॅलरीत गेला. तिथं बांबू नव्हता. तो घरभर चालत गेला आणि बेडरूमच्या गॅलरीत त्याला फडका दिसला.

"दुपारी यो हया व्हता?"

"हो. फोटोसाठी फक्त. पण काढला नव्हता, बा."

त्यानं गाठ सोडायला घेतली. मी घट्ट बांधली होती, त्याला दात लावावे लागले. बांबू घेऊन तो पुन्हा घरभर चालत आला आणि त्यानं तो मूळ जागी बांधला. मग हात धुऊन जेवणाच्या टेबलाशी बसला.

"खूण नसती तर लडकू थांबला असता," तो म्हणाला. "भायेर नांगर टाकून भरतीची वाट बघत बसला असता, बिडी वढत. खूण दिसली म्हनून तो आला."

तीस फुटांनी काय होतंय, असं काहीसं मी पुटपुटलो. बानं टेबलावरचे दोन पेले घेतले. एक खांब म्हणून जवळ ठेवला, एक फडका म्हणून त्याच्या मागं हातभर अंतरावर, आणि मला खाली वाकून एक डोळा मिटायला लावलं. पेल्यावर पेला, आणि त्यांच्या पलीकडे भिंतीवरचं घड्याळ, सगळं एका रेषेत होतं. मग त्यानं मागचा पेला बोटभर सरकवला आणि म्हणाला, आता पुन्हा रेषेत घे. मला डोकं सरकवावं लागलं, आणि डोळ्यासमोर घड्याळाच्या जागी दाराची चौकट आली. बोटभर सरकलेल्या पेल्यानं समोरचं सगळंच बदललं होतं; माझ्या डोक्याच्या जागी होडी असती तर ती वाट सोडून खडपावर गेली असती.

वैजू ओट्याशी पाठमोरी उभी होती, ती वळली नाही.

बा रागावला नाही. रागावला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. त्यानं फक्त विचारलं, "लडकूला सांगशील?"

"सांगतो."

"तूच सांग," तो म्हणाला, आणि न जेवता आत गेला.

दुसऱ्या दिवशी शहाळी घेऊन हॉस्पिटलात गेलो. वाक्य पाठ करून गेलो होतो. लडकूकाका माझ्याआधी बोलले. "डोळे गेले रे जना माझे. फडका खांबावर घेतला, तसाच आलो, तरी खडपावर. चाळीस वर्सांत असा कधी चुकलो नाय." त्यांची बायको उशाशी बसली होती, आणखी दोघंतिघं होते, सगळ्यांनी माना हलवल्या. वयच झालं, असं कुणीतरी म्हणालं. मी शहाळ्यात नळी घालून त्यांच्या तोंडाशी धरली. आज त्यांना दुखतंय, आज नको, पुढच्या आठवड्यात सांगू असं मी ठरवलं.

पुढच्या आठवड्यात टाके काढायचे होते. मग ते घरी आले तेव्हा भेटायला आलेल्यांची गर्दी होती. मग होडीचं इंजिन विकलं, त्या दिवशी त्यांचं मन ठिकाणावर नसेल असं मला वाटलं. सबबी शोधायला मला कधी त्रास पडला नाही. प्रत्येक वेळी कोळीवाड्यातून परत आलो की बा माझ्या तोंडाकडे बघायचा, आणि मी चपला काढण्यात वेळ घालवायचो. त्यानं पुन्हा एकदाही विचारलं नाही.

चार महिन्यांनी बा लडकूकाकांना आमच्या घरी घेऊन आला. काका इमारतीत पहिल्यांदाच येत होते. काठी टेकत लॉबीतून चालत आले, लिफ्टमध्ये बाचा दंड धरून उभे राहिले. मी घरी असणार हे बघूनच बानं तो दिवस निवडला होता, हे मला नंतर कळलं.

गॅलरीत तीन खुर्च्या टाकल्या. काका फडक्याशेजारी बसले, त्यांनी बांबूला हात लावून पाहिला आणि हसले.

"तुला ठावं हाय का जना," ते म्हणाले, "ही बिल्डिंग नुसती सांगाडा व्हती, तवा तुझा बाप चार दिवस फडका घेऊन मजल्यामजल्यावर फिरलाय. मी भायेर दर्यात, होरीत. जागा जमली की मी टॉवेल हलवायचा. कुठं वर, कुठं बाजूला, जमंना. चवथ्या दिवशी हया जमली. ही गॅलरी."

मी बाकडे पाहिलं. तो समुद्राकडे बघत होता.

"आमच्यातली मानसं याला बोलायची, तुझ्या पोराच्या बिल्डिंगीनं देऊळ झाकलं," काका म्हणाले. "तवा यो बोल्ला, मी जातंव वर ऱ्हायला. मी असंन तवर खूण असंन."

म्हणजे बा माझ्यासाठी वर आला नव्हता. वैजूच्या हातच्या जेवणासाठीही नाही. मी जे झाकलं होतं ते उघडं करायला तो आला होता, आणि तीन वर्षं मी त्याला सोसायटीचे नियम समजावत होतो.

वैजूनं चहा आणून ठेवला. काकांनी बशीत ओतला, पण प्यायले नाहीत.

"परवा डोळ्यांच्या डाक्टरकडं गेलतो," ते म्हणाले. "त्यो बोल्ला, डोळे साफ हायेत, मोतीबिंदूपन नाय. मग मना सांग जना, तू शिकलेला हायेस. डोळे साफ, खूण जागेवर, तर मी खडपावर गेलो कसा?"

बानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. लहानपणी मला पहिल्यांदा शाळेच्या पायरीवर सोडताना तो असाच पाहत होता, पोरगं आत जाईल की रडत मागं फिरेल याचा अंदाज घेत.

"डॉक्टर पाटीवरची अक्षरं वाचायला लावतात, काका," मी म्हणालो. "दर्यावर लांबचं बघणं वेगळं. वय होतंच की."

काकांनी बशी उचलली. "तसंच आसंन," ते म्हणाले, आणि चहा प्यायले. बानं आपली बशी भरलेली तशीच खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पिशवी भरून निघाला. लडकूला आता पाणी भरवत नाय, मी तयाच ऱ्हातो, असं त्यानं वैजूला सांगितलं. फडका बांबूवर तसाच ठेवला. दारात माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला, आणि ते मला आजही सहन होत नाही. काका पाच वर्षं जगले, बा त्यांच्यानंतर आठ महिने. शेवटपर्यंत तो तिकडेच राहिला. त्यानं काकांना काही सांगितलं नाही. ते काम माझं होतं, आणि दुसऱ्याचं काम तो कधी अंगावर घेत नसे.

आता सोसायटीचा अध्यक्ष मीच आहे. फडका जागेवर आहे, त्याला कुणी हरकत घेत नाही. पावसाळा संपला की मी नवा लाल कपडा आणतो आणि कठड्यावर बाच्या दोरीनं पडलेल्या खुणेवरच बांधतो, एक बोटही इकडेतिकडे होऊ देत नाही. त्याचा आता कुणाला उपयोग नाही, छोट्या होड्या केव्हाच गेल्या. त्या रविवारचा फोटो क्लबहाउसमध्ये मोठा करून लावला आहे. निळा हौद, पांढरी इमारत, आणि पुढं पाण्यात एक हिरवी होडी, सरळ किनाऱ्याकडे येणारी. नवीन माणसं थांबून बघतात आणि होडी किती सुंदर आली आहे असं म्हणतात. मी अध्यक्ष म्हणून हसतो.

काकांच्या दहाव्याला त्यांची बायको मला सांगत होती, शेवटी शेवटी ते घराची पायरी उतरतानाही डोळ्यांवर भरवसा नाही म्हणून तिचा हात मागायचे, भरदुपारी. डॉक्टरनं आणखी दोनदा तपासलं, दोन्ही वेळा डोळे साफच निघाले. पण त्यांनी डॉक्टरचं ऐकलं नाही. ते म्हणायचे, जना शिकलेला हाय, तो बोल्ला तेच खरं.